न वाजणारी झडप

मी खोटं बोललेले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या मुलाला, गोमटेशला वाटतं मी खोटं बोलले, यांना वाटतं मी फसवलं, आणि मला काय वाटतं ते रोज सकाळी वेगळं असतं. मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. बहुतेक.

भानगड अशी की आमच्या यांच्या छातीत गाय आहे. अख्खी नाही हो. गायीच्या काळजाभोवती पातळ पडदा असतो म्हणे, त्याची शिवून केलेली झडप यांच्या काळजात बसवली आहे. आणि सहा महिने हे समजून चालले होते की ती धातूची आहे.

हे म्हणजे जयपाल. इथं सांगलीजवळ, माधवनगरात सगळे अण्णा म्हणतात. गिरणीत जॉबर होते, माग बिघडला की दुरुस्त करायचे. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण कान तसाच राहिला. रस्त्यानं जाताना कुणाच्या शेडमधला यंत्रमाग ऐकून मध्येच थांबायचे आणि आत शिरून सांगायचे, "तिसऱ्या नंबरचा धोटा अडकतोय, बघा जरा." शेडवाले आधी वैतागायचे, मग बघायचे, मग चहा विचारायचे. चहा हे घेत नाहीत. बाहेरचं काहीच घेत नाहीत, दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. कमरेला कापडी पट्टा, पायात कॅनव्हासचे बूट. आमच्या लग्नात माझ्या भावानं कौतुकानं कातडी पाकीट दिलं होतं, ते दुसऱ्या दिवशी परत. भाऊ वर्षभर बोलला नाही माझ्याशी. माझा काय दोष होता त्यात?

रोज सकाळी अंघोळ करून शुद्ध धोतर-दुपट्टा नेसायचा आणि बस्तीत जायचं, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, अभिषेकाला. वाटेत कुणाला शिवायचं नाही. गाभाऱ्यात जाऊन आपल्या हातानं मूर्तीवर कलश ढाळायचा. बत्तीस वर्षं. सुतक सोडलं तर खाडा नाही. येताना वाटीत गंधोदक आणायचे, अभिषेकाचं पाणी. दारातच वाटी माझ्यापुढं धरायचे, मी ते डोळ्यांना लावायचे, आणि मग आमचा दिवस सुरू व्हायचा. या माणसाकडून बाकी सगळं काढून घेतलं तरी चालेल, ही वाटी काढून घेतली तर काय उरेल ते मला सांगता येत नाही. म्हणून तर सगळा घोळ झाला.

गेल्या माघात जिना चढताना यांना दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले झडप आकसली आहे, बदलावी लागेल. धातूची बसवता येते, प्राण्याच्या पडद्याची बसवता येते... यांनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही.

"धातूची. यंत्र मला कळतं."

मग डॉक्टरांनी समजावलं की धातूवर रक्त गोठतं, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची, जन्मभर, चुकवायची नाही. हे मान हलवत होते. भाद्रपदात आमचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व असतं, उपवासांचं. घरी आल्यावर मी विचारलं, "दशलक्षणात शेवटचे तीन दिवस तुम्ही पाण्याचा थेंब घेत नाही. तेव्हा गोळी घ्याल ना?"

"उपवास म्हणजे उपवास."

"अहो, पण डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना?"

"असलो तर बघू."

ही नवीन खोड. दुखणं कळल्यापासून प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'असलो तर'. गोमटेश पुण्याहून फोनवर म्हणाला, दिवाळीला चार दिवस जास्त राहतो, तर हे म्हणाले, "ये की. असलो तर भेटू." मी लिंबाचं लोणचं घालत होते, तर म्हणे, "एवढं कशाला? मुरेपर्यंत असलो तर खाईन." मला असा संताप यायचा, वाटायचं ती बरणीच डोक्यात घालावी. आणि मग मोरीत जाऊन रडायचं. चाळीस वर्षांच्या संसारात मी एवढी कधी रडले नव्हते.

ऑपरेशन चैत्रात झालं. फॉर्मवर यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, धातूची. यांना आत नेऊन दोन तास झाले असतील. गोमटेश रक्ताच्या बाटल्यांसाठी खाली गेला होता. दार उघडून डॉक्टर रेश्मा बाहेर आल्या. मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालची मुलगी ती, माझ्या भाचीएवढी, पण बोलायला स्वच्छ.

"काकू, रक्त थांबायला फार वेळ लागतोय त्यांचं. असं असेल तर पुढं जन्मभर रक्त पातळ ठेवणं जोखमीचं. सरांचा कल पडद्याच्या झडपेकडं आहे, तिला ती गोळी तीनच महिने लागते. पण पेशंटनं धातूची लिहिलीये. तीही बसवता येईल. म्हणून तुम्हाला विचारतोय. थोडं लवकर सांगा."

मी म्हटलं, "ते जैन आहेत. कडक आहेत. त्यांना प्राण्याचं काहीही नको."

ती म्हणाली, "काकू, आत्ता मशीनवर ठेवताना रक्त न गोठण्याचं जे इंजेक्शन दिलंय, ते डुकराच्या आतड्यापासून करतात. त्याशिवाय हे ऑपरेशन होत नाही. फॉर्ममध्ये आहे ते, बारीक अक्षरात."

आता काय बोलायचं? म्हणजे जे वाचवायला निघालो ते आधीच गेलं होतं. मग एवढं गेलंच आहे तर आणखी गेलं म्हणून काय, असं म्हणायचं? का एवढं गेलं म्हणून उरलेलं तरी जपायचं? मला काही सुधरेना. मी विचारलं, गाय मुद्दाम मारतात का यासाठी? ती म्हणाली, मुद्दाम नाही, कत्तलखान्यातून येतो पडदा. जसं काही त्यानं मला बरं वाटणार होतं.

आणि मग मला ते तीन दिवस दिसले. दशलक्षणातले शेवटचे तीन. हे पाटावर बसलेत, ओठ सुकलेत, गोळी ताटलीत तशीच पडलीये, आणि मी समोर बसून बघतेय. हे हट्टानं मरणार आणि मी हात जोडून बघणार, पुण्य म्हणून. छट्! मी गायीला विचारलं नाही, नवऱ्याला विचारलं नाही, देवाला विचारलं नाही. तिच्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली.

डॉक्टर रेश्मा जाताना म्हणाल्या, "शुद्धीवर आले की तुम्हीच सांगा त्यांना. मला विचारलं तर मी खरं सांगणार."

यांनी विचारलंच नाही. नळी काढल्यावर पहिला शब्द काय, तर "बसली?" मी म्हटलं, बसली. "वाजते का?" मी म्हटलं, आराम करा आधी. यात खोटं काय आहे, सांगा.

शेजारच्या खाटेवर हंबीरराव होते. साताऱ्याकडचे रिटायर सुभेदार, मिशा अशा की नर्स मुली घाबरायच्या. त्यांनाही झडप बसवली होती, आणि ती धातूची. चौथ्या दिवशी त्यांची मंडळी मनुबाई डब्यातून उकडलेली अंडी घेऊन आल्या. मधला पडदा ओढून सुभेदार खात होते, पण वास थोडाच पडद्याला थांबतो? आमच्या यांनी छातीला टाके असताना असा काही आवाज चढवला की डॉक्टर धावत आले. सुभेदारांनी अंडं तसंच हातात धरून सलाम ठोकला आणि म्हणाले, "सॉरी अण्णा, पुन्यांदा न्हाई." दुसऱ्या दिवशी जिन्यात जाऊन खाल्लं बिचाऱ्यांनी.

घरी आल्यावर गोमटेशनं फाइल वाचली. "आई, हे काय आहे?" मी सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. मग तोच म्हणाला, "जाऊ दे, सांगू नकोस आता. बरे होऊ देत." आज तोच म्हणतो, तू खोटं बोललीस. मुलगा असाच असतो, दोन्हीकडून बोलायला मोकळा.

मी फाइल माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवली. आता हे लपवणं झालं का? साड्यांच्या खाली मी विम्याचे कागदही ठेवते.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी बंद केली, नुसती एक छोटी गोळी ठेवली. हे काय खूश! "शरीरानं यंत्र मानलं बघ," म्हणाले. सकाळचा अभिषेक पुन्हा सुरू झाला. बस्तीत बातमी पसरली होती की अण्णांनी जिवावर बेतलं तरी प्राण्याची झडप नाकारली. पंडितजींनी प्रवचनात नाव घेतलं. अहिंसा कशी असावी, तर आपल्या जयपाल अण्णांसारखी. सगळ्या बायका वळून माझ्याकडं बघायला लागल्या, डोळ्यांत कौतुक. मी खाली मान घालून माझी माळ ओढत बसले, किती मणी झाले देव जाणे.

रोज वाटायचं, आज सांगू. मग हे दारात यायचे, केस ओले, चेहरा निवळलेला, आणि वाटी पुढं धरायचे. मी गंधोदक डोळ्यांना लावायचे आणि विचार करायचे, यांनी न कळता केलं ते पाप कुणाच्या नावावर? यांच्या तर नाहीच. माझ्या असेल तर असू दे, मी सोसेन. पण खरंच पाप आहे का? माणूस जगला ना? मग गायीचं काय? आणि ते डुकराचं इंजेक्शन? एका प्रश्नातून दुसरा निघायचा, तोवर दूध उतू जायचं.

एक गोष्ट मात्र मला दिसत होती आणि कळत नव्हती. हे रोज दुपारी सामायिकाला बसतात, डोळे मिटून, पाऊण तास. आधी चेहरा शांत असायचा. आता कपाळाला आठ्या. मान एका बाजूला कललेली, जसं काही ऐकू येतंय का बघतायत. आणि रस्त्यानं जाताना शेडपाशी थांबणं बंद झालं. मी एकदा म्हटलं, "अहो, त्या कोपऱ्यावरच्या शेडमधनं काहीतरी खडखड येतेय, बघत नाही का?" तर म्हणाले, "असेल." मला वाटलं अशक्तपणा.

दशलक्षण आलं. यांनी शेवटचे तीन दिवस पाणीही घेतलं नाही. छोटी गोळीसुद्धा नाही. मी ताटलीत ठेवली, तशीच उचलली. डॉक्टर रेश्मांना फोन केला तर म्हणाल्या, पडद्याची झडप आहे, त्यामुळं घाबरायचं कारण नाही, पण परत असं नको. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात बसकण मारली. माझं बरोबर निघालं होतं. तरी आनंद म्हणून होईना.

अनंत चतुर्दशीला पहिल्या कलशाचा मान बस्तीनं यांना दिला. तीन दिवसांचे उपाशी, आणि गाभाऱ्यात उभं राहून हे मूर्तीवर पाण्याची धार धरतायत. बायकांच्या बाजूला मी उभी. मला रडू येत होतं आणि शेजारणीला वाटलं भक्तीनं.

मग दुसऱ्या दिवशी क्षमावाणी. त्या दिवशी आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो. वर्षभरात जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर क्षमा करा. सकाळी मी यांच्या पायाशी वाकले आणि म्हटलं, "जाणूनबुजून काही केलं असेल तर क्षमा करा." अजाणता हा शब्द मी गाळला. मला वाटलं, तेवढ्यानं झालं. हे म्हणाले, "केली. तूही कर." आणि पारण्याचं पाणी प्यायला बसले. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. दुपारपर्यंत परत चढला. कशाची क्षमा केली हेच ज्याला ठाऊक नाही, त्याची क्षमा लागू होते का? कुणाला विचारायचं हे? पंडितजींना?

आता यांची रीत अशी की फोनवर क्षमा मागायची नाही. ज्याला दुखावलं त्याच्या दारात जायचं. या वर्षी यादीत हंबीररावांचं नाव. अंड्यावरून ओरडलो ते चुकलं, आजारी माणूस होता, म्हणाले. मी म्हटलं, साताऱ्यापर्यंत? एस.टी.चे धक्के? "तू नको येऊस मग." मी कशी येणार नाही!

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला उतरून, दुसरी गाडी धरून सुभेदारांच्या गावात पोचलो, तेव्हा अकरा वाजले असतील. आजूबाजूला ऊस, आणि अंगणात अशी शांतता की पानाचा आवाज येईल. सुभेदार बाजेवरून उठून आले.

"या, या अण्णा! लय दिसांनी. मनू, पानी आन गं."

यांनी बूट काढून हात जोडले. "सुभेदार, दवाखान्यात मी तुम्हाला बोललो. उत्तम क्षमा."

सुभेदार बघतच राहिले. "आवं, अंड्यापायी सांगलीवरनं आलासा व्हय? कमाल हाय गड्या तुमची! केली माफी, केली. बसा आदी."

बसलो. दोघांचं बोलणं सुरू झालं, टाके, झोप, चालणं. मध्येच हे गप्प झाले. मान कलली. डोळे मिटले. मला ती खूण ओळखीची होती, मागापुढं उभे राहायचे तशी.

"सुभेदार, तुमची वाजते."

"वाजती म्हंजे काय! टिकटिक, टिकटिक. देवळात भजनाला बसलो तर शेजारचा माझ्या मनगटाकडं बगतोय. मनू म्हनती, घड्याळ उशाला घेतल्यावानी वाटतंय. तुमची न्हाई वाजत?"

यांचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. तो चेहरा मी विसरणार नाही.

"म्हणजे माझे कान शाबूत आहेत," हे हळूच म्हणाले. "मला वाटलं कान गेले. सहा महिने ऐकतोय, काही ऐकू येत नाही. म्हणून मी माग ऐकायचंसुद्धा सोडलं. आता तुमची तर मला इथनं स्पष्ट ऐकू येते. मग माझी का नाही?"

अरे देवा. म्हणजे हा माणूस सहा महिने आपला कान गेला म्हणून मनात झुरत होता, आणि मी त्याला अशक्तपणा म्हणत होते.

सुभेदार उठले, सरळ यांच्या छातीला कान लावला. "नुसती धकधक हाय. टिकटिक न्हाई. अण्णा, गोळी घेता न्हवं वेळेवर?"

"ती गोळी तर डॉक्टरांनी बंद केली."

"बंद? आन कोन बंद करंल? आमाला मरेस्तोवर हाय ती! अण्णा, तुमचं यंत्र अडाकलंय. मनू, जीप काडाय सांग, साताऱ्याला न्ह्याय पायजे!"

मनुबाई तांब्या ठेवून धावल्या. हे बाजेची कड धरून बसले, पांढरेफटक. मला म्हणाले, "घाबरू नकोस."

मला म्हणाले, घाबरू नकोस! तिथं माझा बांध फुटला.

"कुठं जाऊ नका. काही अडकलेलं नाही. ती धातूची नाहीच आहे."

अंगण पुन्हा शांत झालं. आता सुभेदारांची टिकटिक मलाही ऐकू येत होती.

"मग कशाची?"

"गायीची."

यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि मान खाली घालून टाक्यांच्या व्रणाकडं बघत राहिले. मग बटण परत लावलं. सुभेदार काहीतरी म्हणायला गेले, "अण्णा, जीव तर वाचला न्हवं...", पण यांनी हात वर केला. उठले, बूट घातले, मनुबाईंना नमस्कार केला. आम्ही अंगणाच्या बाहेर पडताना सुभेदार मागं पुटपुटले ते मला ऐकू आलं, "मी तर नुसती अंडी खाल्ली हुती."

परतीची एस.टी. धरली. मी खिडकीतनं बाहेर बघत होते, हे समोरच्या सीटकडं. कराडला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "फॉर्मवर मी काय लिहिलं होतं?"

"धातूची."

"मग?"

मी सगळं सांगितलं. रक्त थांबत नव्हतं ते, डुकराच्या आतड्याचं इंजेक्शन, कत्तलखाना, तीन दिवसांचा उपवास, सगळं. काही सोडलं नाही.

"मला विचारायचं होतंस."

"तुम्ही छाती उघडी टाकून आत पडला होतात. कुणाला विचारू?"

"आधी विचारायचं."

"विचारलं होतं! दशलक्षणात गोळी घ्याल का म्हणून विचारलं होतं. उपवास म्हणजे उपवास म्हणालात."

"मग तेच माझं उत्तर होतं, चंदन."

ते खरंच उत्तर होतं. यांनी स्पष्ट सांगितलं होतं आणि मला स्पष्ट कळलं होतं, आणि म्हणूनच तर मी सही केली. शरीर यांचं, छाती यांची. पण रोज सकाळी दारात वाटी घेऊन उभा राहणारा माणूस एकट्या यांचा होता का? मला हे बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच. "मला तुम्ही हवे होतात. बास. दुसरं काही नव्हतं माझ्या डोक्यात." कंडक्टर वळून बघायला लागला, बघेना का.

गाडी सुटल्यावर हे म्हणाले, "क्षमावाणीला मागितलीस, ती याचीच?"

"होय."

"आणि मी केली."

"केलीत. फसवून घेतली मी. ती नको मला, परत घ्या."

"दिलेली क्षमा परत घेता येत नाही," हे म्हणाले आणि सांगलीपर्यंत डोळे मिटून बसले. झोपले नव्हते. मला कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, पण अभिषेकाचं धोतर खुंटीवरच राहिलं. पायजमा-शर्ट घालून गेले. माझं कशात लक्ष लागेना. तांदळात खडे नव्हते तरी निवडत बसले. तासाभरानं आले. हातात वाटी होती. रोज दारात माझ्यापुढं धरायचे, आज आत येऊन ओट्यावर ठेवली. माझी मीच उचलून गंधोदक डोळ्यांना लावलं.

"अभिषेक?"

"पंडितजींनी केला. मी गाभाऱ्याबाहेर उभा होतो."

"सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं. सगळ्यांसमोर. त्यांनी माझं नाव सगळ्यांसमोरच घेतलं होतं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, अण्णा, तुम्हाला ठाऊक नव्हतं, तुम्हाला दोष नाही. या आत."

"मग गेला का नाहीत?"

"आता ठाऊक आहे."

मी हातातलं टाकून यांच्यासमोर जमिनीवर बसले. डोक्यावर पदर घेतला. "मी जाणूनबुजून केलं. तुमच्या शब्दाविरुद्ध केलं. सहा महिने गप्प बसले, तुमचे कान गेले असं तुम्हाला वाटू दिलं, ते तर मला ठाऊकच नव्हतं, पण झालं माझ्यामुळं. क्षमा करा. आणि हेही सांगते, परत तशी वेळ आली तर मी परत तीच सही करीन."

"परत करशील?"

"करीन."

"मग क्षमा कशाची मागतेस?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. आणि खरंच माहीत नव्हतं. अजून नाही.

हे माझ्याकडं बघत होते. राग होता का, तर होता. पण नुसता राग नव्हता. मग छोटी गोळी मागितली, पाण्याबरोबर घेतली, पेला उपडा घातला, आणि कॅनव्हासचे बूट घालता घालता म्हणाले, "पुढच्या क्षमावाणीला माग. तेव्हा बघू."

एवढं म्हणून बाहेर पडले. मी तशीच जमिनीवर बसून उरलेल्या दोन शब्दांची वाट बघत होते. ते आले नाहीत. मग उठून दारात गेले. हे कोपऱ्यावरच्या शेडपाशी थांबले होते, मान कललेली, आणि आतल्या माणसाला ओरडून सांगत होते, "दुसऱ्या नंबरचा, अहो दुसऱ्या! धोटा अडकतोय, किती दिवस झाले?" 'असलो तर' म्हणायचं विसरले, का मुद्दाम म्हणाले नाहीत, हे मी अजून विचारलेलं नाही.